बशी उलटी करून पाहा

निळ्या चित्रांची पांढरी बशी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते: एखाद्या वाड्यातल्या काचेच्या कपाटात, पारशी घरातल्या भिंतीवर, नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात. तीच बशी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये किंवा स्टोक-ऑन-ट्रेंटच्या पॉटरीज म्युझियममध्ये दिसली की आपण क्षणभर थांबतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो. यात आपली अरसिकता नाही. नेमकं काय पाहायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. फलकावर ‘ट्रान्सफर-प्रिंटेड अर्दनवेअर, स्टॅफर्डशायर, सुमारे १८२०’ एवढ्यावर काम भागवलेलं असतं.

तर सुरुवात इथून करा. बशीवरचं चित्र हाताने काढलेलं नाही, छापलेलं आहे. आणि तेही थेट बशीवर छापलेलं नाही. आधी कागदावर छापून मग तो कागद बशीवर दाबलेला आहे. मधला हा कागद डोक्यात ठेवला की बाकीचं बरंचसं आपोआप सापडत जातं. सपाट कागद गोल, खोलगट भांड्यावर बसवायचा म्हणजे तो कुठेतरी चुणणार, कुठेतरी अपुरा पडणार, कुठेतरी जोडावा लागणार. त्या चुण्या आणि ते सांधे शोधायचे.

कारखान्यात हे काम कसं चालायचं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कोरीवकाम करणारा कारागीर तांब्याच्या जाड पत्र्यावर चित्र कोरायचा. रेघ जितकी खोल, तितका रंग गडद. पत्रा गरम करून त्यावर कोबाल्ट ऑक्साइड आणि तेल यांची दाट शाई चोळायची, मग पृष्ठभाग पुसून स्वच्छ करायचा. शाई फक्त कोरलेल्या रेघांत उरते. साबणाचं पाणी लावलेला पातळ टिश्यू कागद त्यावर ठेवून सगळं दाबयंत्रातून काढायचं. बाहेर आलेला कागद कापण्याचं काम लहान मुलींकडे असे: मधलं चित्र वेगळं, किनारीच्या पट्ट्या वेगळ्या. पुढचं काम बाईचं. ती हा कागद एकदा भाजलेल्या, पण अजून झिलई न चढवलेल्या भांड्यावर उपडा टाकायची आणि ताठ केसांच्या ब्रशने अंगातला जोर लावून घासायची. भांडं सच्छिद्र असल्याने शाई ओढून घेतं. पाण्यात धरलं की कागद सुटतो, तेलकट शाई मात्र जागची हलत नाही. च्युइंगमबरोबर मिळणारे टॅटू पोरं ओल्या मनगटावर उतरवतात, तोच हा प्रकार. फक्त इथे नंतर भट्टी आहे. आधी हलक्या आचेवर तेल जाळून टाकायचं, मग झिलईत बुडवून पुन्हा भाजायचं. चित्र काचेच्या थराखाली कायमचं बंद होतं. म्हणूनच दोनशे वर्षं सुऱ्या-काटे फिरले तरी ते पुसलं गेलेलं नसतं.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचं असेल त्यांनी इंग्लंडला गेल्यावर बर्स्लेममधल्या मिडलपोर्ट पॉटरीला जावं. बर्ली या नावाने विकली जाणारी तिथली भांडी आजही टिश्यू कागदानेच छापली जातात. कारखाना १८८८-८९ च्या सुमाराचा आहे. लंडनमधली आणखी एक रांग टाळून स्टोकची गाडी पकडावी, असं माझं मत आहे.

आता संग्रहालयातल्या कपाटापाशी. आधी मधलं चित्र सोडा आणि किनारीवर नजर घड्याळाच्या काट्यासारखी पूर्ण फिरवा. कुठेतरी एखादं फूल अर्धंच दिसेल, वेल अचानक तुटून भलत्याच पानाला जोडलेली दिसेल, दोन पट्ट्यांत केसाएवढी पांढरी फट असेल. तो किनारीचा सांधा. कपाच्या कानापाशी, किटलीच्या तोटीखाली, सूपच्या मोठ्या भांड्याच्या कोपऱ्यांत असे सांधे जास्त सापडतात, कारण तिथे कागद वळवणं कठीण. काही ठिकाणी बारीक पांढरी रेघ चित्राला आडवी छेदून गेलेली दिसते. ती कागदाची चुणी. एखादा निळा धब्बा दिसला तर तो शाई लागलेल्या बोटाचा असू शकतो. दुकानात आपण हाच माल ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून बाजूला सारला असता. पण जुन्या छापील भांड्याची सर्वात भरवशाची खूण हीच आहे, आणि संग्रहालयातल्या उत्तमोत्तम बश्यांवरही ती असते. सांधा अजिबात न सापडणारी बशी मला उलट संशयास्पद वाटते.

सोबत दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग ठेवा. घरच्या किंवा बाजारातल्या बशीसाठी तर ते हवंच. तांब्यावरून आलेल्या चित्रात कोरलेल्या रेघा आणि बारीक टिंबं स्वतंत्र दिसतात. आकाशाचा फिका निळा टिंबं विरळ करून साधलेला असतो, गडद सावली रेघा खोल कोरून. साधारण १८०० पूर्वीच्या छापांत रेघांचाच भरणा असतो आणि चित्र काहीसं दाट, काळसर निळं वाटतं. पुढे टिंबांचं काम वाढलं तशी चित्रात हवा आली. चिनी बशी हाताने रंगवलेली असेल तर भिंगाखाली कुंचल्याचा फटकारा आणि रंगाचा ओघळता उतार दिसतो. आणि वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे वेगवेगळ्या रंगांचे एकसारखे ठिपके दिसले, तर बशी आजीची असेल, पणजीची नक्की नाही.

रंगावरूनही काळाचा अंदाज येतो. झिलईच्या भट्टीत खात्रीने टिकणारा रंग सुरुवातीला कोबाल्टचाच होता, म्हणून पहिली चाळीसेक वर्षं बाजारात निळ्याचंच राज्य होतं. हिरवा, गुलाबी, जांभळा, तपकिरी हे छाप १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढले. गुलाबी बशीवर कुणी ‘१८००’ असं लेबल लावलं असेल तर विचारणा जरूर करा. ज्यात निळा मुद्दाम पसरलेला, धूसर दिसतो, तो ‘फ्लो ब्लू’. भट्टीत रसायनाची वाफ सोडून रंग पसरवत. ही तऱ्हा मुख्यतः व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. काही बश्यांत रेघ छापील आणि रंग हाताने भरलेला असतो. रंग रेघेबाहेर गेलेला दिसला की ओळखावं.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर लिव्हरपूलचे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी २७ जुलै १७५६ रोजी सहा तासांत बाराशेहून जास्त फरश्या छापल्या आणि तसं शपथपत्रावर लिहून दिलं. ती छपाई झिलईच्या वरची होती, वापराने झिजणारी. वूस्टरच्या कारखान्याने झिलईखाली निळा छाप साधला, पण पोर्सिलेनवर. साध्या मातीच्या भांड्यांवर, म्हणजे मध्यमवर्गाला परवडेल अशा मालावर, हे तंत्र पक्कं बसवण्याचं श्रेय स्टोकच्या जोसाया स्पोड यांना दिलं जातं; साल साधारण १७८४. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये चहावरचा कर एकशे एकोणीस टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला. चहा घरोघरी गेला, कपबश्यांची मागणी फुगली. ईस्ट इंडिया कंपनीने चिनी पोर्सिलेनची घाऊक आयात १७९१ मध्ये थांबवली. चिनी माल आटला आणि चिनी दिसणाऱ्या इंग्रजी मालाला मैदान मोकळं मिळालं. विलोचं झाड, पुलावरची तीन माणसं आणि वर दोन पक्षी असलेला प्रसिद्ध ‘विलो पॅटर्न’ याच दिवसांतला. त्यातल्या पळून गेलेल्या प्रेमिकांची ‘प्राचीन चिनी’ दंतकथा इंग्लंडमध्येच रचली गेली. मार्गदर्शक ती रंगवून सांगतील. ऐका आणि सोडून द्या.

भारतीय प्रेक्षकाने मात्र एका मालिकेपाशी सावकाश थांबावं. स्पोडच्या कारखान्याने १८१० नंतरच्या वर्षांत ‘इंडियन स्पोर्टिंग’ नावाचा जेवणाच्या भांड्यांचा संच काढला. तेव्हा सहसा संपूर्ण संचावर एकच चित्र असे. इथे प्रत्येक आकाराच्या भांड्यावर वेगळं दृश्य आहे आणि किनार तेवढी सगळीकडे सारखी, प्राण्यांनी भरलेली. जेवणाच्या ताटावर ‘अस्वलाचा मृत्यू’. बाकीच्या भांड्यांवर उसाच्या फडातून अस्वल हाकलणं, झाडावरच्या बिबट्यावर गोळी झाडणं, लांडग्याचा पाठलाग, घोडे बाहेर काढणारे मोतद्दार, शिकारी कुत्रे नेणारे नोकर. दृश्याचं नाव आणि ‘स्पोड’ ही अक्षरं बहुधा मागच्या बाजूला निळ्यातच छापलेली असतात.

ही चित्रं स्पोडच्या कारागिरांनी ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स’ या पुस्तकातून उचलली. ते पुस्तक लंडनच्या एडवर्ड ऑर्म याने १८०५ ते १८०७ दरम्यान भागाभागाने काढलं. मजकूर कॅप्टन थॉमस विल्यमसनचा. तो बंगालमध्ये कंपनीच्या सैन्यात वीसेक वर्षं राहिलेला. चित्रं सॅम्युअल हॉविटने पूर्णत्वाला नेली, आणि हॉविटने भारतात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मग स्पोडच्या कोरणाऱ्याने त्या चित्रांतले हत्ती, झाडं, माणसं सुटी करून, पुस्तकातली दोन-तीन चित्रं एकत्र करून बशीच्या गोलात बसवली. म्हणजे बिहार-बंगालची शिकार ताटापर्यंत पोचेपर्यंत तीन हातांतून गेली, आणि त्यातल्या दोन हातांनी भारत पाहिलेला नव्हता. ताट पाहताना हा प्रवास शोधा: हत्तीचा आकार शेजारच्या झाडाशी जुळतो का, माणसांचे पोशाख कुठले, मागची टेकडी कुठल्या देशातली वाटते. पुस्तकातली मूळ चित्रं इंटरनेटवर पाहायला मिळतात. ताटाच्या फोटोशेजारी ठेवून जुळवण्यात एक संध्याकाळ मजेत जाते. रोज रात्री मटणाच्या रश्शाखालून मरणारं अस्वल वर येताना पाहणाऱ्या इंग्रज कुटुंबाला हिंदुस्थान काय वाटत असेल, याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकापेक्षा या ताटात जास्त स्वच्छ मिळतं.

टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’चीही अशीच लूट झाली. जॉन रॉजर्स अँड सनच्या ‘मोनोप्टेरॉस’ नावाच्या ताटावर, ग्रीक वाटणाऱ्या नावामागे, दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याजवळचे अवशेष आहेत. लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम पॉटरीनेही मदुरेच्या किल्ल्यासारखी दृश्यं छापली. या उचलेगिरीला आळा बसला तो १८४२ च्या डिझाइन कायद्याने. त्यानंतर पुस्तकातल्या ओळखीच्या जागा मागे पडल्या आणि कुठल्याच देशात नसलेली स्वप्नाळू सरोवरं, मनोरे, कारंजी आली. ताटावरची इमारत ओळखता येते की नाही, यावरूनही १८४२ च्या अलीकडची की पलीकडची याचा तर्क करता येतो.

संग्रहालयात बशीची फक्त पुढची बाजू दिसते, आणि ओळखपत्र मागे असतं. मोठ्या संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचीत पुष्कळदा मागच्या बाजूचा फोटो असतो. जाण्याआधी तो पाहून ठेवा. घरची बशी असेल तर प्रश्नच नाही. जाड टॉवेल पसरून त्यावर उलटी ठेवा.

मागे आधी बुडाच्या कड्याजवळ पाहा. झिलई साचून तिथे फिकट निळसर झाक दिसली तर ते ‘पर्लवेअर’, साधारण १७८० ते १८३० मधलं. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये टोकदार टेकू ठेवत, त्यांचे तीन-तीन बारीक खडबडीत ठिपके दिसतात. तेही शुभलक्षण. मग शिक्का. पतंगाच्या आकाराचा चौकोन आणि कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असतील तर तो १८४२ ते १८८३ दरम्यानचा डिझाइन नोंदणीचा शिक्का. वरच्या वर्तुळातला रोमन चार म्हणजे मातीची भांडी. त्याच्या लगेच खाली, वरच्या कोपऱ्यात अक्षर असेल तर ते वर्षाचं आणि शिक्का १८६७ पर्यंतचा. तिथे आकडा असेल तर शिक्का नंतरचा आणि वर्षाचं अक्षर उजव्या कोपऱ्यात. लक्षात ठेवा, ही डिझाइन नोंदवल्याची तारीख आहे. बशी त्यानंतर वीस वर्षांनीही बनलेली असू शकते. १८८४ पासून ‘आरडी नंबर’ आणि पुढे नुसता क्रमांक येतो. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर बहुधा १८९१ नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर विसावं शतक धरावं. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असलेली विलो पॅटर्नची बशी दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची.

एकाच चित्राचं वय शिक्क्याने कसं बदलतं याचा नमुना म्हणजे स्पोडचं ‘ब्लू इटालियन’. हे चित्र १८१६ मध्ये आलं आणि आजही विकलं जातं. नुसतं ‘स्पोड’ असेल तर १८३३ पूर्वीचं किंवा थेट १९७० नंतरचं. ‘कोपलंड अँड गॅरेट’ असेल तर १८३३ ते १८४७. नुसतं ‘कोपलंड’ किंवा ‘कोपलंड स्पोड’ असेल तर त्यानंतरचं, १९७० पर्यंतचं. चित्र तेच, किंमत मात्र आकाश-पाताळाच्या फरकाने वेगळी.

आपल्याकडे सापडणारा सगळा निळा माल इंग्लंडचाच असतो असंही नाही. हॉलंडमधल्या मास्ट्रिक्टच्या पेट्रुस रेगू यांच्या कारखान्याने आशियासाठी खूप माल काढला. त्याच्या शिक्क्यात स्फिंक्स बसलेला असतो. ग्लासगोच्या बेल कंपनीची भांडी ब्रह्मदेश आणि आग्नेय आशियात जात. ‘विलायती बशी’ म्हणून विकली जाणारी वस्तू यांपैकी असली तर कमी प्रतीची ठरत नाही, फक्त तिचं मूळ गाव वेगळं. फसवणूक मात्र दुसरीकडे आहे. सिंह आणि एकशिंगी घोडा, खाली ‘व्हिक्टोरिया वेअर’ आणि ‘आयर्नस्टोन’ असा भपकेदार शिक्का असलेला गडद फ्लो ब्लू माल अलीकडचा आहे. शिक्का जितका मोठा आणि स्पष्ट, तितकं भिंग आधी बाहेर काढा. मुद्दाम चहाच्या पाण्यात उकळून आणलेला जुनेपणा सगळीकडे एकसारखा पिवळा असतो. खरे डाग टवक्यांच्या आणि तड्यांच्या कडेने वाढतात.

आता घरातल्या बशीची निगा. खाण्यासाठी ती वापरू नका. त्या काळच्या झिलईत शिसं असे, आणि आपल्या जेवणात चिंच, कोकम, लिंबू, ताक, लोणचं असं आंबट काही ना काही असतंच. आंबटाने शिसं सुटतं. शोभेला ठेवा, फार तर कोरडी बिस्किटं मांडा.

झिलईवर बारीक जाळं पडलेलं असेल तर बशी पाण्यात भिजत घालू नका. पाणी त्या जाळ्यातून आत शिरतं, जाताना मळ आत सोडून जातं, आणि आठवड्याने तपकिरी डाग वर येतो. मऊ ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा. ब्लीच तर अजिबात नको. त्याने डाग तात्पुरता फिका होतो, पण क्षार आत राहून पुढे झिलईच उचलतात. डिशवॉशरचं नाव काढू नका. मागे पितळी किंवा लोखंडी टाके मारून सांधलेली बशी असेल तर टाके काढायला जाऊ नका. ती जुन्या काळची दुरुस्ती आहे आणि वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे. बशी बोटांवर तोलून कडेला नखाने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर अंग शाबूत, भद्द आला तर कुठेतरी तडा लपलेला आहे. लपवलेलं रंगकाम अतिनील टॉर्चखाली बहुधा वेगळ्या रंगात चमकतं. कप कानाला धरून उचलू नका, खालून आधार द्या. बश्या एकावर एक ठेवायच्या तर मध्ये मऊ सुती कापड घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. भिंतीवर टांगायच्या तारेच्या स्प्रिंगवाल्या पकडी कडेचे टवके उडवतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगणं टाळलेलंच बरं.

मागे सेलोटेप लावून नाव लिहू नका. संग्रहालयात आधी काढता येईल असा पारदर्शक थर देतात, त्यावर बारीक अक्षरात क्रमांक घालतात. घरी साधा उपाय पुरे: बशीचा पुढचा आणि मागचा फोटो, शिक्क्याचा जवळून वेगळा फोटो, आणि एका कागदावर ती घरात कुणी, कुठून, साधारण कधी आणली याची नोंद. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर पाठवायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. परदेशातल्या मुलीकडे बॅगेतून पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा.

आणि बशी एखाद्या संग्रहालयाला देण्याचा विचार असेल तर तो नोंदीचा कागद सोबत द्या. ‘विलो पॅटर्न’च्या सुट्या बश्या संग्रहालयांकडे आधीच ढिगाने असतात. कुठल्या बंदरात उतरली, कुठल्या घरात वापरली, कुणाच्या लग्नात आली हे माहीत असलेली बशी मात्र त्यांना हवी असते.